पगारातून कर कापला, तरी नोटीस का येते?

नोव्हेंबर २०२२ मधली गोष्ट. माझे धाकटे दीर डोंबिवलीहून आमच्या परळच्या घरी आले ते चपला काढायच्या आधीच मोबाईल पुढे करत. "वहिनी, हे बघा काय आलंय. एकवीस हजार सातशे दहा रुपये भरा म्हणतात. माझा कर तर दर महिन्याला पगारातून कापत होते ना?"

मी बावीस वर्षं हिशेबखात्यात नोकरी केली आणि आता आमच्या इमारतीतल्या, ओळखीपाळखीतल्या लोकांची विवरणपत्रं भरून देते. दिरांचा हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की एकदा सविस्तर लिहून काढावं असं ठरवलं. कारण नोटीस आली की माणूस आधी घाबरतो, मग स्वतःलाच दोष देतो आणि शेवटी "जाऊ दे, भरून टाकू" म्हणतो. हे शेवटचं तर अजिबात करू नका. का, ते पुढे सांगते.

आधी तो कागद कसला असतो ते बघू. दिरांच्या ईमेलवर आली होती ती आयकर खात्याने कलम १४३(१) खाली पाठवलेली सूचना, म्हणजे विवरणपत्र पडताळून काढलेला हिशेब. ती पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान इंग्रजी अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. कितीतरी लोक इथेच अडतात आणि फाईल न उघडताच ठेवून देतात. आत दोन रकाने असतात. डावीकडे तुम्ही विवरणपत्रात लिहिलेला आकडा, उजवीकडे खात्याने मोजलेला आकडा. आम्ही बोट ठेवत ठेवत खाली आलो. पगार दोन्हीकडे सारखा. वजावटी सारख्या. एकूण करही सारखा. मग टीडीएसची, म्हणजे आधीच कापून भरलेल्या कराची ओळ आली. डावीकडे ३८,४००, उजवीकडे १९,२००. सगळी गोम त्या एका ओळीत होती. उरलेल्या १९,२०० रुपयांवर व्याज चढवून २१,७१० झाले होते.

एक गोष्ट इथेच समजून घ्यायला हवी. हा कागद कुणी अधिकाऱ्याने तुमची फाईल वाचून काढलेला नसतो. विवरणपत्रांची ही प्रक्रिया २००९ पासून बेंगळुरूच्या केंद्रात होते, सगळे त्याला सीपीसी म्हणतात. तिथली यंत्रणा तुमचं विवरणपत्र एका बाजूला ठेवते, तुमच्या पॅनवर जमा दिसणारा कर दुसऱ्या बाजूला, आणि फरक काढते. त्यामुळे "माझ्यावर संशय घेतला" असं मनाला लावून घेऊ नका. फरक का पडला हे त्या यंत्रणेला माहीत नसतं. ते आपल्यालाच शोधावं लागतं.

तर फरक पडतो कुठे?

पगारातून कर कापला की तो सरकारच्या तिजोरीत आपोआप जात नाही. कंपनीने तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत चलनाने बँकेत भरायचा असतो. मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत. पण नुसतं चलन भरून तुमचं नाव लागत नाही. चलनात कंपनीची एकठोक रक्कम असते. त्यातले किती कुणाचे, हे दर तिमाहीच्या विवरणात पॅनसकट लिहून द्यावं लागतं. पगारासाठी ते फॉर्म २४क्यू. ते गेलं, जुळलं, की मग तुमच्या २६एएस मध्ये आकडा उमटतो. या २६एएस ला कराचं पासबुक म्हटलं तरी चालेल. पासबुकात नोंद नसेल तर पैसे आले नाहीत असंच यंत्रणा धरते.

म्हणजे चूक होण्याच्या जागा अनेक. पॅनचं एक अक्षर चुकलं तर तुमचा कर दुसऱ्याच्या खात्यावर जातो किंवा मधेच लटकतो. चलन भरलं पण तिमाही विवरण राहिलं, तरी तेच. या दोन्ही चुका कंपनीला दुरुस्ती विवरण भरून सुधारता येतात. हिशेबखात्यातल्या माणसाने मनावर घेतलं तर काम लवकर होतं. मात्र अशा दुरुस्तीला आता कायद्याने मुदत घातली आहे, तेव्हा "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नका. लेखी कळवा, ईमेल करा, आठवण द्या.

तिसरी जागा खरी दुखरी. कंपनीने कर कापला, पगाराच्या स्लिपवर छापला, आणि भरलाच नाही.

दिरांच्या बाबतीत हेच झालं होतं. कंपनी लहान, तीसेक माणसांची. २०२१-२२ च्या पहिल्या दोन तिमाहींचा कर भरला होता. पुढे धंदा बसला. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पगार उशिरा का होईना मिळत होता, दर महिन्याला ३,२०० रुपये कापले जात होते, पण ते गेले कुठे याचा पत्ता नाही. मार्चअखेर शटर खाली.

त्यांच्याकडे फॉर्म १६ होता. मी म्हटलं, दाखवा. कंपनीच्या लेटरहेडवर छापलेला, खाली गोल शिक्का, सही. बघणाऱ्याला वाटावं, सगळं ठीक आहे. पण फॉर्म १६ चे दोन भाग असतात. भाग अ हा कंपनीला आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरूनच काढावा लागतो; त्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक असतो आणि कोणत्या तिमाहीत किती कापला, किती भरला याचा तक्ता असतो. भाग ब मध्ये पगाराचा आणि वजावटींचा तपशील. दिरांच्या हातात होता तो फक्त भाग ब. भाग अ मिळालाच नव्हता आणि त्यांनी मागितलाही नव्हता. तो असतो हेच ठाऊक नव्हतं, तर मागणार कसा?

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं, दोन्ही भाग हातात आल्याशिवाय फॉर्म १६ मिळाला असं समजू नका. आणि जूनमध्ये फॉर्म १६ हातात येईपर्यंत वाटही बघू नका. पहिल्या तिमाहीचं विवरण ३१ जुलैपर्यंत जातं, म्हणजे गणपतीच्या सुमारास २६एएस उघडून बघा. दुसरं ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे दिवाळीची गडबड संपली की बघा. तिसरं ३१ जानेवारी, चौथं ३१ मे. वर्षातून चार वेळा पाच मिनिटं. दिरांनी त्या वर्षी फेब्रुवारीत बघितलं असतं तर कंपनीत माणसं होती, विचारायला जागा होती.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण हे फार थोड्या पगारदारांना माहीत असतं.

१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम २०५ सांगतं की ज्या उत्पन्नातून कर कापला गेला आहे, तेवढ्या कराची मागणी खात्याने त्या माणसाकडे करायची नाही. कापणाऱ्याने तो भरला की बुडवला, हा खात्याचा आणि त्या कंपनीचा प्रश्न. कंपनीकडून वसूल करायला खात्याच्या हातात पुरेशी साधनं आहेत: दरमहा दीड टक्का व्याज आणि खटला, तेव्हाच्या कायद्यात त्याला तीन महिने ते सात वर्षं कैद सांगितली होती. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्येच एका पगारदाराच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं: मालकाने कर कापून भरला नसेल तर वसुली मालकाकडून करा, नोकरदाराकडून नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ ला आपल्या अधिकाऱ्यांना पत्र काढून हेच बजावलं आणि ११ मार्च २०१६ ला पुन्हा बजावलं. पुन्हा बजावावं लागलं, यावरून जमिनीवर काय चाललं असेल ते ओळखा.

१ एप्रिल २०२६ ही १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने घेण्याची तारीख. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालतात, त्यामुळे तुमची नोटीस जुन्या वर्षाची असेल तर अर्जात २०५ हाच आकडा लिहायचा.

मग कायदा इतका स्वच्छ असताना माणसं का पिचतात? कारण कायदा म्हणतो 'वसूल करू नका', आणि यंत्रणा म्हणते '२६एएस मध्ये नाही म्हणून जमा धरणार नाही'. दोन्ही आपापल्या जागी बसून राहतात. थकबाकी खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर तशीच दिसत राहते. आणि पुढच्या वर्षी तुमचा रिफंड निघाला की कलम २४५ खाली तो जुन्या थकबाकीत वळता होतो. वळता करण्याआधी तुम्हाला कळवून म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, तशी नोटीस येतेही, पण ती ईमेलवर. दिरांना आली होती. जाहिरातींच्या गर्दीत ती बुडाली आणि २०२३ मध्ये त्यांचा ६,४८० रुपयांचा रिफंड वळता झाला.

दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका निकालात म्हटलं की अशा थकबाकीत रिफंड वळता करणं ही आडवाटेने केलेली वसुलीच आहे आणि ती चालणार नाही. त्याच न्यायालयाने त्याआधी, मार्च २०१३ मध्ये, टीडीएस न जुळण्याच्या आणि न कळवता रिफंड वळवण्याच्या तक्रारींवर स्वतःहून दखल घेऊन खात्याला सविस्तर निर्देश दिले होते. एवढं सगळं कागदावर आहे. सहा-सात हजारांसाठी कोर्टात कोण जातो? कुणीच नाही. त्या रकमा सोडून दिल्या जातात. मला याचा खरंच राग येतो, कारण हे पैसे त्या माणसाने एकदा भरलेले असतात, तेही पगार हातात पडायच्या आधी.

नोटीस आल्यावर आम्ही काय केलं, तेही सांगते.

पोर्टलवर थकबाकीला उत्तर द्यायची सोय आहे. तिथे पहिलाच पर्याय असतो 'मागणी बरोबर आहे'. कटकट नको म्हणून लोक तो दाबतात. एकदा तो दाबला की नंतर 'मला मान्य नाही' म्हणता येत नाही, तसं तिथे लिहिलेलंही असतं. आम्ही 'मान्य नाही' निवडलं आणि कारणात कलम २०५ लिहिलं. मग कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज. ज्या वर्षात तो आदेश निघाला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षांत हा अर्ज करता येतो, आणि अर्ज आला तो महिना संपल्यापासून सहा महिन्यांत खात्याने तो निकाली काढायचा असतो. सीपीसीकडे अर्ज केला तर यंत्रणा पुन्हा तेच २६एएस बघते आणि पुन्हा तेच उत्तर देते. आमचंही तसंच झालं. अशा प्रकरणात शेवटी तुमच्या अधिकारक्षेत्रातल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्या वॉर्डात तुमचा पॅन आहे तिथे, जावंच लागतं.

आणि तो वॉर्ड कुठला? मुंबईत आयकर म्हटलं की लोकांना चर्चगेटजवळचं, महर्षी कर्वे रोडवरचं आयकर भवन आठवतं. पण खात्याची कार्यालयं लालबागच्या पिरामल चेंबर्समध्ये आहेत, वांद्रे-कुर्ला संकुलात कौटिल्य भवनात आहेत, आणखीही ठिकाणी आहेत. घर बदललं म्हणून पॅन आपोआप हलत नाही. पॅन काढला तेव्हा माणूस गिरगावात राहत होता, आता बदलापूरला राहतो, तरी पॅन मुंबईच्याच वॉर्डात असू शकतो. तो हलवायचा तर जुन्या अधिकाऱ्याने सोडावा लागतो. म्हणून घरातून निघायच्या आधी पोर्टलवर 'नो युवर एओ' ही सोय बघा. पॅन टाकला की वॉर्ड आणि इमारत कळते. दिरांचा अर्धा दिवस पहिल्यांदा चुकीच्या इमारतीत गेला.

दिरांबरोबर मी तीनदा गेले. आधी हेल्पलाइनवाले म्हणाले, अधिकाऱ्याकडे जा. वॉर्डातला कारकून म्हणाला, "हे सीपीसीचं आहे, आमच्याकडे काही नाही." ऐकायला टोलवाटोलवी वाटते, आणि ज्याची सुट्टी खर्ची पडते त्याच्यासाठी ती असतेच. पण त्यामागे एक कारण आहे. मागणी सीपीसीने काढलेली असते, अर्जाचा अधिकारही आधी सीपीसीकडे असतो, आणि तो वॉर्डाकडे वर्ग झाल्याशिवाय अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर त्याला काही बदलता येत नाही. म्हणून तिथे तोंडी वाद घालण्यापेक्षा "अधिकार वर्ग करून घ्या आणि दुरुस्ती करा" असं लेखी मागा. अर्ज आयकर सेवा केंद्राच्या खिडकीवर द्या आणि क्रमांक असलेली पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता असं धरा.

दुसऱ्या खेपेला भेटलेले अधिकारी वयाने तरुण होते. टेबलावर फायलींचे ढीग, मागे कूलर घरघरतोय. त्यांनी दिरांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कर कापला गेला याचा पुरावा काय?" आम्ही बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा काढल्या. प्रत्येक स्लिपवरचा निव्वळ पगार आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये जमा झालेला आकडा मी पेन्सिलीने जोडून ठेवला होता. ऑक्टोबर, स्लिपवर जेवढा, बँकेत तेवढाच. नोव्हेंबर, तसंच. त्यांनी सहा महिने स्वतः तपासले. मग म्हणाले, "हे असं लावून कुणी आणत नाही हो. नुसतं येऊन सांगतात, कापला होता."

त्या एका वाक्यात फार मोठं काम दडलेलं आहे. कलम २०५ तुम्हाला वाचवतं, पण कर खरोखर कापला गेला हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. मला हे न्याय्य वाटत नाही. बुडवणारा एक आणि पुरावे गोळा करणारा दुसरा. पण आहे हे असं आहे. म्हणून नोकरी सोडताना, आणि कंपनीची लक्षणं ठीक दिसत नसतील तर त्याच्याही आधी, नेमणुकीचं पत्र, सगळ्या स्लिपा, फॉर्म १६, सोडल्याचं पत्र हे स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवा. कंपनीचं पोर्टल बंद झालं की काहीच हाती लागत नाही. आणि कंपनीचा टॅन नंबर, म्हणजे कर कापणाऱ्याला खात्याने दिलेला क्रमांक, टिपून ठेवा. तो दिला की अधिकारी टीडीएस विभागाला त्या कंपनीबद्दल कळवू शकतात.

व्याजाचं गणितही माहीत असू द्या. मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे भरले नाहीत तर जुन्या कायद्यात दरमहा १ टक्का व्याज लागतं. तुमचा रिफंड खात्याकडे अडकला तर खातं तुम्हाला देतं दरमहा अर्धा टक्का, आणि रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तेही नाही. तीच रक्कम, तोच महिना, आणि दर मात्र दुप्पट. हे बदलायला हवं, आणि पगारदारांनी ते मागायला हवं.

ज्यांची थकबाकी फार जुनी आहे त्यांनी एकदा पोर्टल उघडून बघावं. १३ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने करनिर्धारण वर्ष (म्हणजे उत्पन्नाच्या वर्षापुढचं वर्ष) २०१०-११ पर्यंतच्या प्रत्येकी २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि त्यापुढे २०१५-१६ पर्यंतच्या प्रत्येकी १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या माफ झाल्या, एका करदात्यामागे एकूण एक लाखाच्या मर्यादेत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची अशीच एक मागणी होती. त्यांना ती कसली हेही आठवत नव्हतं. ती गेली तेव्हा त्यांनी मला पेढे आणून दिले.

तक्रार करायची तर पोर्टलवर ई-निवारण आहे आणि केंद्र सरकारचं सीपीग्राम्स आहे. पूर्वी आयकर लोकपाल होते. ते पद २०१९ मध्ये बंद केलं. लोकांनी ऑनलाइन तक्रारीचा मार्ग धरला असं कारण दिलं गेलं. मला वाटतं, समोर बसून ऐकणारं कुणीतरी हवं होतं. ऑनलाइन तक्रार 'निकाली' असं लिहून बंद होते आणि माणूस तिथेच उभा असतो.

आणखी एक, घाईघाईत पैसे भरायच्या आधी नोटीस खरी आहे का ते बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर डीआयएन हा क्रमांक लागतो आणि पोर्टलवर लॉगिन न करता तो तपासता येतो. रिफंडसाठी लिंक दाबा म्हणणारे मेसेज खात्याचे नसतात.

दिरांचं पुढे काय झालं? तिसऱ्या खेपेनंतर दोन महिन्यांनी पत्र आलं: २१,७१० रुपयांची वसुली करू नये. मागणी पोर्टलवर अजून दिसते, तिच्यापुढे तशी नोंद आहे. वळता केलेला ६,४८० रुपयांचा रिफंड मात्र परत आलेला नाही. त्यासाठी वेगळा अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, सहा महिने कधी संपतात ती तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे. दिरांना शनिवारी सुट्टी असते, पण कार्यालयही तेव्हा बंद, म्हणून त्यांनी पुढच्या मंगळवारची रजा टाकली आहे. डोंबिवलीहून आठ बाराची लोकल पकडून ते दादरला उतरतील, मी तिथे भेटेन.